कर्जाचे हप्ते थकू लागलेत? मोफत जाणकार सल्ला कुठे मिळतो आणि तो कसा घ्यायचा

कर्जात अडकलेल्या माणसाला महाराष्ट्रात सल्ला फुकट मिळतो, तोही जाणकारांचा. अडचण अशी की तो एकाच छताखाली मिळत नाही. बँकेचं कर्ज, पतसंस्थेचं कर्ज, बचत गटाच्या नावाने घेतलेलं मायक्रोफायनान्स, मोबाइल ॲपवरचं कर्ज आणि सावकाराचं देणं यांचे कायदे वेगळे आहेत आणि दाद मागायची कार्यालयंही वेगळी. चुकीच्या कार्यालयात खेटे घालण्यात दोन-तीन महिने जातात, आणि नेमके तेच महिने सर्वांत मोलाचे असतात. हप्ता ९० दिवस थकला की बँकेच्या दप्तरी खातं अनुत्पादक ठरतं. त्याआधी बँक हप्ता कमी करायला, मुदत वाढवायला बऱ्यापैकी तयार असते. त्यानंतर प्रकरण वसुली विभागाकडे जातं आणि बोलण्याचा सूरच पालटतो. म्हणून पहिला हप्ता चुकण्याची चिन्हं दिसतील त्याच आठवड्यात कामाला लागावं.

आधी कागद, मग सल्ला

सल्लागारासमोर रिकाम्या हाताने गेलात तर तो फार तर धीर देईल. एका वहीच्या पानावर सगळी देणी मांडा: कोणाचं, आज बाकी किती, व्याजदर किती, मासिक हप्ता किती, किती हप्ते थकले, तारण काय, जामीनदार कोण, कोरे किंवा सही केलेले धनादेश दिलेत का. हातउसने आणि भिशीचं देणंही लिहा. बहुतेक जण नेमकं तेच लपवतात, आणि मग ठरवलेला आराखडा दुसऱ्याच महिन्यात कोलमडतो.

बँका आणि वित्त कंपन्यांची कर्जं आठवणीवर सोडू नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल मोफत द्यावाच लागतो. तो काढला की विसरलेलं कार्ड, दुसऱ्यासाठी दिलेली जामीनकी, कधी कधी आपल्या नावावर भलत्यानेच काढलेलं कर्जही समोर येतं. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

सोबत मंजुरीपत्र, खातेउतारा, सहा महिन्यांचं बँक पासबुक, पगारपत्रक आणि आलेल्या सगळ्या नोटिसा त्यांच्या पाकिटांसह ठेवा. पाकिटावरच्या टपाल शिक्क्याची तारीख पुढे मुदत मोजायला लागते.

महिन्याला खरोखर किती भरता येईल?

हा आकडा काढल्याशिवाय कुणालाही कसलाही शब्द देऊ नका. समजा घरात ४२,००० रुपये येतात. भाडं ९,०००, किराणा-दूध-गॅस १०,५००, शाळा ३,०००, प्रवास २,५००, वीज आणि फोन २,०००, औषधं १,५००, गावी आईवडिलांना ३,०००, आणि वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी (विमा, वह्यापुस्तकं, सणवार) महिन्याला १,५०० बाजूला. एकूण ३३,०००. उरले ९,०००. हप्ते मात्र असे: वैयक्तिक कर्ज ८,४००, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ५,०००, दुचाकी ३,२००, पतसंस्था ४,०००. म्हणजे २०,६००. दरमहा ११,६०० कमी पडतात. हीच तूट नव्या कर्जाने भरली जाते आणि गाठ घट्ट होत जाते.

अनुभवी सल्लागार इथे दोन गोष्टी करतो. कामावर जायला दुचाकी लागते आणि ती तारण आहे, म्हणून तिचे ३,२०० आधी काढतो. उरलेले ५,८०० बाकीच्या तिघांत बाकीच्या प्रमाणात वाटतो. वैयक्तिक कर्जाचे २,१०,०००, कार्डाचे १,००,००० आणि पतसंस्थेचे ८०,००० बाकी असतील तर वाटणी साधारण ३,१००, १,५०० आणि १,२०० अशी येते. ही वाटणी मान्य करायला कोणताही घेणेकरी बांधील नाही. पण हिशेब सर्वांना सारखा लावलाय हे कागदावर दिसलं की बोलणी पुढे सरकतात. एवढ्यावर मुद्दल मात्र फिटत नाही, म्हणून ही तजवीज सहा महिन्यांपुरती धरायची आणि तेवढ्या काळात प्रत्येकाशी कायमचा मार्ग ठरवायचा.

वैयक्तिक कर्जाची मुदत वाढवून मागता येते. वरचं कर्ज १५ टक्क्यांचं आणि ३० महिने बाकी असलेलं धरलं, तर ते ६० महिन्यांवर नेल्यावर हप्ता सुमारे ५,००० वर येतो. व्याज मात्र एकूण ४६,००० रुपयांच्या आसपास जास्त जातं. ही किंमत माहीत असूनच निर्णय घ्यावा.

कार्डाचं गणित सर्वांत क्रूर आहे. महिन्याला साडेतीन टक्के दराने एक लाखावर ३,५०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. किमान ५,००० भरले तरी मुद्दल जेमतेम ८७० रुपयांनी उतरतं. म्हणून कार्ड वापरणं थांबवून ती बाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत रूपांतरित करून मागणं, हे पहिल्याच भेटीत करायचं काम.

पतसंस्था बहुधा १,२०० रुपयांना राजी होणार नाही, कारण तिच्या हाती जामीनदार असतो. घरात मोडण्यासारखं सोनं असेल तर ते इथे विचारात घ्या. कर्जात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था थेट त्याच्या मागे लागू शकते. नाती तुटतात ती इथेच.

कोणतं देणं आधी

सर्वांत जास्त फोन करणाऱ्याला आधी पैसे, अशी चूक जवळजवळ सगळे करतात. क्रम परिणामांवरून लावा. राहतं घर, वीज आणि रोजीरोटीचं साधन आधी. त्यानंतर धनादेश दिलेली देणी, कारण कर्ज न फेडणं ही दिवाणी बाब असली तरी धनादेश न वटणं हा पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. त्याची नोटीस हाती पडल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तिथेच मिटतं. ती मुदत घालवू नका. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परतला तरी अशीच तरतूद लागू होते. विनातारण कार्डं आणि ॲप कर्जं, कितीही धाक घालोत, क्रमात शेवटी येतात.

गृहकर्ज थकलं तर सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा बँकेला देणारा कायदा) आधी ६० दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. राज्यात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. घर जाणारच असं दिसत असेल तर लिलावाची जाहिरात निघण्याआधी बँकेच्या संमतीने स्वतः विका. बाजारभाव आणि लिलावाचा भाव यांत फार फरक पडतो.

कुठे जायचं

*बँक आणि वित्त कंपनी.* प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, जसं पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापुरात बँक ऑफ इंडिया. तिच्या जिल्हा कार्यालयात अग्रणी जिल्हा व्यवस्थापक बसतात. त्यांना वित्तीय साक्षरता केंद्राचा पत्ता विचारा. ही केंद्रं मोफत आहेत आणि तिथले समुपदेशक बरेचदा निवृत्त बँक अधिकारी असतात. त्यांना बँकेच्या आतली रीत ठाऊक असते, हा त्यांचा मोठा उपयोग. केंद्रांचं मुख्य काम साक्षरतेचं असल्याने सगळीकडे सारखीच मदत मिळेल असं नाही. आराखडा तपासून घेणं, अर्ज लिहून घेणं, शाखेत कोणाला भेटायचं हे विचारणं, असं नेमकं काम घेऊन जा.

मग शाखेला लेखी अर्ज द्या. तोंडी विनंतीची कुठेही नोंद राहत नाही. मजकूर असा पुरतो: "माझं मासिक उत्पन्न ४८,००० वरून ४२,००० रुपयांवर आलं आहे. घरखर्च आणि इतर देण्यांचा तपशील जोडला आहे. सध्या मी दरमहा अमुक रक्कम भरू शकतो. कर्जाची मुदत ३० वरून ६० महिने करावी आणि दंड आकारणीत सवलत मिळावी. कृपया लेखी उत्तर द्यावं." पोच घ्या. १ एप्रिल २०२४ पासून दंडापोटी व्याजदर वाढवून लावता येत नाही. दंड वेगळी आकारणी म्हणूनच लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. उताऱ्यात हे तपासा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अन्यायाचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार मोफत नोंदते. १४४४८ या टोल-फ्री क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलेल्या तक्रारी परत येतात. आणि लोकपाल कर्ज माफ करत नाही. जादा आकारणी, वसुलीतला छळ, चुकीची नोंद, उत्तर न देणं यांवर तो दाद देतो.

*पतसंस्था.* इथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे. सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कलम १०१ ची नोटीस. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या या कलमाखाली निबंधक वसुली दाखला देतो आणि त्यावर थेट जप्ती होऊ शकते. सुनावणीच्या तारखेला लोक जात नाहीत आणि एकतर्फी दाखला निघतो. नंतर त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (फेरतपासणीला) जायचं तर आधी वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून तारखेला हजर राहा, संपूर्ण खातेउतारा मागा, भरलेल्या पावत्या जमा झाल्यात का ते जुळवा, व्याजाचा हिशेब लेखी आव्हानित करा आणि हप्त्यांचा प्रस्ताव तिथेच ठेवा. पगारदार संस्थेचं कर्ज असेल तर कलम ४९ खाली मालक पगारातूनच कपात करून देतो. ती कपात घरखर्चाच्या हिशेबात उत्पन्नाच्या बाजूनेच वजा धरा.

*मायक्रोफायनान्स.* गटातल्या बायकांवर हप्तावसुलीच्या बैठकीत दबाव येतो, एकीचा हप्ता दुसऱ्यांकडून भरून घेतला जातो. २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला कर्ज देताना सगळ्या कर्जांचे मासिक हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. कंपनीने ही मर्यादा ओलांडून कर्ज दिलं असेल तर तोच तक्रारीचा भक्कम मुद्दा. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. मुदतीआधी फेडल्यास दंडही नाही.

*मोबाइल ॲप.* ॲपमागची नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी कोणती, ते करारपत्रात शोधा. नाव असेल तर वरची लोकपालाची वाट. नावच नसेल तर रिझर्व्ह बँकेचं सचेत पोर्टल आणि सायबर हेल्पलाइन १९३०. फोटो मॉर्फ करून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आली तर एक रुपयाही न देता स्क्रीनशॉट, क्रमांक आणि यूपीआय पत्ते जपून ठेवा, संपर्कातल्या लोकांना आपणच आधी सांगून टाका आणि पोलिसांत जा. पैसे दिले की मागणी वाढते.

*सावकार.* महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ कर्जदाराच्या बाजूने चांगलाच कडक आहे, पण तो वापरला फार कमी जातो. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के इतकंच व्याज घेता येतं. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. महिन्याला दहा टक्के घेणारा माणूस बेकायदाच. परवान्याशिवाय सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याजापोटी जमीन किंवा घर खरेदीखताने लिहून घेतलं असेल तर कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतला व्यवहार तपासून मिळकत परत देण्याचा आदेश ते काढू शकतात. अर्जासोबत खरेदीखत, सातबारा किंवा मिळकतपत्रिका, पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी, यूपीआयचे व्यवहार, फोनवरचे संदेश आणि साक्षीदारांची नावं द्या. सही केलेले कोरे धनादेश आणि स्टॅम्पपेपर दिले असतील तर तेही स्पष्ट लिहा.

मोफत वकील

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते. हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. आधार, उत्पन्नाचा दाखला आणि प्रकरणाचे कागद घेऊन गेलात की वकील, न्यायालय शुल्क आणि मसुद्याचा खर्च प्राधिकरण उचलतं. धनादेशाची नोटीस, कलम १०१, सरफेसी यांत विलंब न करता इथेच जावं.

लोकअदालतीची दाखलपूर्व (खटला दाखल होण्याआधीची) नोटीस आली की अनेक जण भीतीने तिथे जातच नाहीत. जावं. शुल्क नसतं आणि बँका तिथे व्याजात चांगली सूट देतात. पण एक लक्षात ठेवा: तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. झेपणार नाही तो हप्ता तिथे कबूल केलात तर पुढे थेट अंमलबजावणी होते. आपला मासिक आकडा खिशात लिहून न्या आणि त्याच्यापलीकडे सही करू नका.

वसुलीवाले दारात आले तर

बँका आणि वित्त कंपन्यांच्या एजंटांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत संपर्क करता येतो. ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. शेजाऱ्यांना, साहेबांना सांगणं, शिवीगाळ, धमकी हे सगळं निषिद्ध आहे. रोख रक्कम एजंटच्या हाती देऊ नका. थेट कर्जखात्यात भरा. "आज पोलीस येऊन नेतील" हे खोटं आहे. साधं कर्ज थकल्याने अटक होत नाही. दिवाणी हुकूमनाम्यानंतरही पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनही सुटतं. घरातला कर्ता गेला असेल तर वारसांची जबाबदारी त्यांना वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. विधवेकडून नव्या कागदावर सही घेण्याचा प्रयत्न सर्रास होतो. मोफत वकिलाला दाखवल्याशिवाय ती सही करू नये. तीन वर्षांहून जुन्या विनातारण देण्याबाबतही हेच: लेखी कबुली देण्याआधी दावा करण्याची कायदेशीर मुदत संपली आहे का, ते विचारून घ्या.

पगार ज्या बँकेत जमा होतो तिचंच कर्ज थकलं असेल तर ती खात्यातली रक्कम परस्पर वळती करू शकते. किराण्याचे पैसे अचानक गेले अशा बहुतेक तक्रारींमागे हेच असतं. पगार दुसऱ्या बँकेत वळवा आणि त्याच वेळी थकबाकीबद्दल लेखी प्रस्ताव द्या.

एकरकमी तडजोड

थोडी रक्कम हाताशी असेल आणि खातं अनुत्पादक झालं असेल तर बँक कमी रकमेत खातं मिटवायला तयार होते. दोन गोष्टी आधी समजून घ्या. पतअहवालात "सेटल्ड" अशी नोंद राहते आणि त्या बँकेकडून पुढे किमान वर्षभर नवं कर्ज मिळत नाही. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांक, एकूण रक्कम, तारखा आणि "संपूर्ण व अंतिम" हे शब्द असलेलं हातात आल्यावरच पैसे भरा. फोनवरच्या आश्वासनावर भरलेली रक्कम साधा हप्ता म्हणून जमा होते, आणि मग बाकी तशीच.

स्वतःला कर्जमुक्ती सल्लागार म्हणवणाऱ्या खासगी कंपन्या महिन्याला शुल्क घेतात, हप्ते थांबवायला सांगतात आणि "आता आम्ही बोलू" म्हणतात. त्यांच्याशी करार केल्याने नोटिसा, धनादेशाचे खटले वा व्याज काहीही थांबत नाही. त्यांचं शुल्क म्हणजे घेणेकऱ्याला भरता आला असता तो हप्ता. वर सांगितलेल्या सल्ल्याच्या एकाही जागी शुल्क नाही.

देण्याच्या ताणाने झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आकडेमोड बाजूला ठेवून आजच टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

कर्ज मिटल्यावर ना हरकत दाखला, पतसंस्थेचा बेबाकी दाखला, दिलेले सगळे कोरे धनादेश आणि तारणाची मूळ कागदपत्रं परत घ्या. बँकेने घराचे कागद ३० दिवसांत द्यायचे असतात, तिच्यामुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. गाडीच्या आरसीवरचा आणि सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. दाखला जोडून आरटीओत आणि तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. दीड-दोन महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून नोंद बदलली का ते पाहा.